कागद वेगळा, सह्या वेगळ्या

बपेरा, ता. तुमसर, जि. भंडारा

चि. छकुलीस,


तुझा आवाजी निरोप तीनदा ऐकला. पहिल्या वेळी तू रडतेस की तुला सर्दी झाली आहे हेच कळेना. दुसऱ्या वेळी तुझी आजी बाजूला येऊन बसली आणि तिनं ऐकू दिलं नाही. तिसऱ्या वेळी मोबाइल घेऊन एकटाच बांधीच्या धुऱ्यावर गेलो, तेव्हा सगळं कळलं. उत्तर बोलून पाठवता आलं असतं, पण ज्या गोष्टीबद्दल तू विचारतेस ती कागदाची आहे. म्हणून कागदावरच लिहितो. आणि खरं सांगू, अर्जनविसाला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं.

मला समजलं ते असं. २०२३ च्या एप्रिलमध्ये तुझ्या कॉलेजच्या फाटकाशी दोन बाया टेबल मांडून बसल्या होत्या. 'मुलींच्या सुरक्षेचं निवेदन आहे, सही कर बेटा,' असं त्या म्हणाल्या. तू सही केलीस, नाव लिहिलंस, फोन नंबरही दिलास. कागदाचा वरचा भाग फायलीखाली दाबलेला होता. आता दोन वर्षांनी तुझ्या वर्गातल्या मित्रानं स्वतःबद्दल तुला विश्वासानं सांगितलं, की त्याचा जीव मुलींवर नाही, मुलांवर जडतो. बोलता बोलता तो त्या उन्हाळ्यातल्या निवेदनांवर आला. दिल्लीत समलिंगी विवाहाची सुनावणी चालू होती आणि गावोगावी त्याविरुद्ध सह्या गोळा होत होत्या. त्याच क्षणी फायलीच्या कडेखालून दिसलेला 'विवाहसंस्था' हा शब्द तुला आठवला. तू त्याला काही बोलली नाहीस. मला विचारलंस, 'आबाजी, सही परत घेता येते काय?'

त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी माझी एक गोष्ट ऐक, जी मी तुझ्या आजीलाही पूर्ण सांगितलेली नाही.

तुमसरच्या तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली माझी पेटी होती, हे तुला ठाऊक आहे. पेटीत मुद्रांक, कार्बन, दोन टाक आणि जांभळ्या शाईची गादी. तुझ्या बापाचं शिक्षण त्या गादीवर झालं. शेतकरी यायचा, मी त्याचा डावा अंगठा धरायचो, शाईवर टेकवायचो, कागदावर अलगद फिरवायचो आणि बाजूला लिहायचो 'निशाणी डावा अंगठा'. काम झालं की माणूस अंगठा डोक्याच्या केसांना पुसून टाकायचा. आणि प्रत्येक दस्ताच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असे: वरील मजकूर वाचून दाखविला, तो समजला व कबूल आहे. छकुली, हे वाक्य मी हजारो वेळा लिहिलं असेल. वाचून मात्र दर वेळी दाखवलं नाही. गर्दी असायची, साहेब उठायची वेळ झालेली असायची, आणि समोरचा म्हणायचा, 'तुम्ही लिवलं म्हंजे बरोबरच असन जी.'

१९९० च्या आसपास शेजारच्या एका गावचा पुढारी माझ्याकडे आला. गाव सांगत नाही, पुढारीही सांगत नाही. मामा तलावाचा, म्हणजे मालगुजारीच्या काळातल्या जुन्या तलावाचा, गाळ काढायचा होता, त्यासाठी अर्ज हवा होता. मी अर्ज लिहिला. तो म्हणाला, 'सह्यांसाठी वेगळे कागद आखून द्या, घरोघर फिरवतो.' मी पट्टीनं चार ताव आखले. अनुक्रमांक, नाव, सही किंवा अंगठा. वर मथळा टाकला नाही. त्यानं मागितला नाही आणि मला सुचला नाही. रोवणीचे दिवस होते. बायांनी चिखलाचे हात धुऊन अंगठे दिले, कारण तलाव भरला तरच धान पिकतं हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दीड-दोन महिन्यांनी कचेरीतल्या एका टेबलावर मला माझे ताव दिसले. माझी आखणी मी ओळखतो. तिसऱ्या ओळीची रेघ उजवीकडे जराशी खाली उतरते, पट्टीला खाच होती म्हणून. पण ताव ज्या अर्जाला टाचले होते तो माझा नव्हता. देशी दारूच्या दुकानाला गावाची हरकत नाही, असा तो अर्ज होता. अंगठे तेच, चिखलाचा एक डागही तोच. मी काय केलं? पेटी बंद केली, चहा प्यायलो. त्या पुढाऱ्याची कामं माझ्याकडे येत होती. पुढच्या वर्षी त्या गावची एक म्हातारी बाजारात भेटली. तिनं विचारलं, 'बापू, तलावाचा गाळ कधी निंगते जी?' मी सांगितलं, 'वर अर्ज गेला आहे.' खोटं बोललो नाही. अर्ज वर गेलाच होता.

तेव्हापासून मला एक कळलं आहे, की फसवणूक सहीत नसते. ती असते टाचणीत. माणूस ऐकतो एक, सही करतो कोऱ्या रेघांवर, आणि मजकूर मागाहून येऊन त्या रेघांना चिकटतो. ग्रामसभेच्या हजेरीचंही तसंच. 'आल्याची सही करा' म्हणतात, माणूस करतो आणि घरी जातो. रात्री प्रोसिडिंग बुकात ठराव चढतो, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. हजेरी ही संमती नव्हे, हे ग्रामसेवकालाही माहीत असतं आणि सरपंचालाही.

हा खेळ आपल्या मुलखाला नवा नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. त्यांनी जाळलं काय, तर मुख्यतः कर्जरोखे. आपल्याच अंगठ्याचा कागद आपल्याला परका झाला होता, त्यात काय लिहिलं आहे हे सावकारालाच ठाऊक. इंग्रजांनी चौकशी बसवली आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यातली एक तरतूद मला आमच्या धंद्याचा माणूस म्हणून फार आवडते. शेतकऱ्याचा रोखा सावकाराच्या ओसरीवर नाही, तर गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहायचा. म्हणजे लिहून घेणारा आणि सही करणारा यांच्यामध्ये तिसरा माणूस बसवला. पुढे त्या कायद्याचं काय भलंबुरं झालं ते इतिहासवाल्यांनी सांगावं. तिसरा माणूस मात्र माझ्या डोक्यात राहिला.

आता तू ज्या प्रकारात सापडलीस त्याच प्रकाराची अमेरिकेतली हकीकत सांगतो. तुझा बोस्टनचा मामेभाऊ मागे दिवाळीत आला होता, त्याच्याकडून मी ती दोन रात्री खोदून खोदून विचारून घेतली. त्यांच्याकडे मॅसॅच्युसेट्स नावाचं राज्य आहे. तिथल्या राज्य सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २००३ मध्ये निकाल दिला आणि १७ मे २००४ पासून तिथं समलिंगी जोडप्यांची लग्नं नोंदवली जाऊ लागली. अमेरिकेत असं होणारं हे पहिलं राज्य. ज्यांना हे पटलं नाही त्यांनी राज्यघटना बदलण्यासाठी २००५ मध्ये सह्यांची मोहीम काढली. तसा त्यांचा हक्कच आहे. तिथं पुरेशा मतदारांच्या सह्या जमल्या तर प्रस्ताव आधी विधिमंडळापुढे जातो, आणि तिथं दोन वेळा किमान चौथाई सभासदांचा पाठिंबा मिळाला तर जनतेच्या मतदानाला जातो.

पण सह्या गोळा करायला पैसे देऊन माणसं लावली होती, आणि त्यांना मजुरी सहीमागे. ज्याची मजुरी सहीमागे असते तो तुझ्याशी वाद घालत बसत नाही, सही काढून घेतो. त्याच वेळी दुसरा एक प्रस्ताव फिरत होता, किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यावी असा. तो खराच होता. त्यावर पुढे नोव्हेंबर २००६ मध्ये मतदान झालं आणि लोकांनी तो नाकारला. दुकानाच्या दारात उभा असलेला माणूस विचारायचा, 'वाइनसाठी सही करता?' गिऱ्हाईक करायचं. मग कागद उलटवून तो म्हणायचा, 'इथं पण एक.' ती दुसरी सही लग्नाच्या विरोधातल्या प्रस्तावावर पडायची. लोकांच्या तक्रारी आल्या, एका दूरचित्रवाहिनीनं लपवलेल्या कॅमेऱ्यानं हे टिपलं, आणि सह्या गोळा करणाऱ्या एका बाईनंच नंतर जाहीरपणे सांगितलं की आम्ही असंच करत होतो. मोहीम चालवणारे म्हणाले, एखाददुसऱ्यानं केलं असेल, आम्ही शिकवलं नाही. असेलही. सगळ्याच सह्या फसवून घेतल्या असं म्हणणं हाही अन्यायच होईल. मनापासून सही करणारेही तिथं पुष्कळ होते.

सह्या लागत होत्या ६५,८२५. जमा केल्या सुमारे १ लाख ७० हजार, आणि कचेरीनं ग्राह्य धरल्या १,२३,३५६. ही तपासणी कशी होते ठाऊक आहे? यादीतलं नाव मतदार यादीत आहे का, पत्ता जुळतो का, एवढंच पाहतात. 'बाई, ही सही तुमची का, आणि कशावर केलीत ते कळलं होतं का?' असं सही करणाऱ्याला कोणी विचारत नाही. तिसरा माणूस आहे, पण तो कागदाकडे पाहतो, माणसाकडे नाही. म्हणून फसलेल्यांना कळलं ते निराळ्याच वाटेनं. विरोधकांनी सह्या करणाऱ्यांची नावं इंटरनेटवर सर्वांना पाहता येतील अशी मांडली. लोक उत्सुकतेनं शेजाऱ्याचं नाव शोधायला गेले आणि काहींना आपलंच सापडलं.

नावं अशी उघड करावीत का, यावर तिथं मोठं भांडण झालं. एक बाजू म्हणाली, ही धमकी आहे. दुसरी म्हणाली, कायदा बदलायला निघालात तर नाव लपवता कशाला? तसाच वाद वॉशिंग्टन राज्यातून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. जून २०१० मध्ये आठ विरुद्ध एक मतानं ठरलं, की अशा सह्या सार्वजनिक करण्यात सरसकट काही घटनाबाह्य नाही. मला विचारशील तर या बाबतीत मी अर्धा अर्धा आहे. उघड यादीनं फसवणूक सापडते हे खरं, पण आपल्या आठशे घरांच्या गावात अशी यादी चावडीवर लागली तर काय होईल तेही मला दिसतं. मॅसॅच्युसेट्सच्या त्या प्रस्तावाचं पुढे असं झालं: जानेवारी २००७ मध्ये ६२ सभासदांनी उचलून धरला, जूनमध्ये ४५ च उरले, हवे होते ५०. मतदानापर्यंत तो पोचलाच नाही.

वाइन म्हटल्यावर तुला हसू आलं असेल. तिथं दारू हे आमिष होतं. आपल्या महाराष्ट्रात सह्यांवरून मतदान होतं ते दारूचंच. आपल्या देशात लोकांनी सह्या गोळा करून एखाद्या कायद्यावर जनमत घ्यायला लावावं, अशी सोय नाही. पण राज्य शासनाच्या २००८ च्या आदेशानं गावच्या बायांना एक अधिकार आहे. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून दुकान बंद करण्याची मागणी केली, की राज्य उत्पादन शुल्क खातं सह्या पडताळतं आणि मग गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही बाटली उभी आहे की आडवी हे कळतं. माझ्या चाळीस वर्षांच्या धंद्यात इतका प्रामाणिक मजकूर मी लिहिला नाही.

आणि त्यातली पडताळणी म्हणजे तोच १८७९ चा तिसरा माणूस. अधिकारी समोर बसतो, बाई येते, ओळख दाखवते, सांगते की सही माझी. माझ्या त्या चिखलाच्या डागाच्या बाईला कोणी असं बोलावलं असतं तर तिनं लगेच सांगितलं असतं की हा तलावाचा कागद आहे.

पण हेही काही गोडगोड नाही. पडताळणीला बोलावलं तर त्या दिवसाची रोजी बुडते. दुकानवाल्याची माणसं कचेरीच्या दारात उभी असतात, कोण कोण येतं ते बघत. सासऱ्याला, नवऱ्याला निरोप जातो. फसवून घेतलेली सही पडताळणीत गळते, तशी खरी सहीही भीतीनं गळते. पुढे मतदानात आणखी गंमत आहे. आडव्या बाटलीला झालेल्या मतांच्या नाही, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. यादीत लग्न होऊन गेलेल्या लेकी असतात, नागपूरला कामाला गेलेल्या असतात, मेलेल्याही असतात. त्या सगळ्या, न येता, उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्या जातात. आणि आपल्यासारखं गाव असेल तर दुकान बंद होऊनही काय, नदीपलीकडे बालाघाट जिल्हा आहेच.

तरी बाया लढतात. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरच्या बायांनी डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामींच्या श्रमिक एल्गार संघटनेबरोबर चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा काढला. ५८८ ग्रामपंचायतींनी दारूबंदीचे ठराव केले. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात बंदी लागू झाली आणि मे २०२१ मध्ये सरकारनं उठवली. उठवण्याआधी प्रशासनानं लोकांची निवेदनं मागवली होती, आणि गठ्ठेच्या गठ्ठे आले. बंदी चांगली की वाईट यावर मी तुझ्याशी वाद घालत नाही, मोहाची दारू पकडणारे आणि पिणारे दोघेही माझे अर्जदार होते. मी एवढंच पाहतो की निवेदनांच्या गठ्ठ्यात आणि आडव्या बाटलीच्या मतात एक फरक आहे. गठ्ठ्यातल्या माणसाला कोणी समोर बसवून विचारलेलं नसतं.

तुझी सही त्या गठ्ठ्यातली आहे. ती मत नव्हती, तिनं कायद्यानं काहीच ठरलं नाही. पण अशा गठ्ठ्यांवर चढून लोक मोठमोठ्या गोष्टी बोलतात. त्याच एप्रिलमध्ये भारतीय विधिज्ञ परिषदेनं ठराव केला की देशातल्या ९९.९ टक्क्यांहून जास्त लोकांचा समलिंगी विवाहाला विरोध आहे. वकिलांची एवढी मोठी संस्था! मोजलं कोणी, कधी? मला कोणी विचारलं नव्हतं. तुला विचारलं होतं असं म्हणता येईल, पण ते मुलींच्या सुरक्षेबद्दल. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायाधीशांनी निकाल दिला. लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही जणांचं एकमत, आणि अशा जोडप्यांच्या नात्याला कायद्यानं काही मान्यता द्यावी का यावर तीन विरुद्ध दोन. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले. चेंडू आता संसदेत आहे. म्हणजे यापुढे निवेदनं आणखी निघतील, दोन्ही बाजूंची.

माझं मत विचारलं नाहीस, तरी सांगतो. तुझ्या वयाचा असताना हे सगळं मला अंगावर शहारा आणणारं वाटलं असतं. आता वाटत नाही. दंडारीत बाईचं सोंग घेणारा आपल्या गावचा एक गडी होता, लग्न केलं नाही त्यानं, आणि शेवटची पंधरा वर्षं एका मित्राबरोबर एका घरात राहिला. गाव त्यांना हसायचं, पण आजारपणात डबाही गावच पोचवायचं. मित्र मेला तेव्हा घर मित्राच्या पुतण्यांनी घेतलं. तो माझ्याकडे अर्ज लिहायला आला. मी विचारलं, मयताशी तुमचं नातं काय लिहू? तो उठून गेला. त्या रकान्यात काहीतरी लिहिता यायला हवं होतं, एवढंच माझं मत आहे.

ज्यांचं मत उलट आहे त्यांनी उघड मांडावं, मजकूर वर ठेवून सह्या मागाव्यात. मिळतीलही त्यांना पुष्कळ. मुलींच्या सुरक्षेचं नाव सांगून तुझी सही नेली, याचा राग तुला यायला हवा आणि त्यांच्या बाजूच्या प्रामाणिक माणसालाही.

आता तुझा प्रश्न. सही परत घेता येते काय? कागदावरून पुसता येत नाही. निवेदन ज्याच्या नावे गेलं त्याच्याकडे 'मला खोटी माहिती देऊन सही घेतली, ती गृहीत धरू नये' असा अर्ज देता येतो. दोन वर्षांनी त्याचा उपयोग शून्य, पण आवक क्रमांक पडेल आणि पोच मिळेल. मी माझ्या चार तावांसाठी तेवढंही केलं नाही. मित्राला सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी असतो तर सांगितलं असतं, पण मी म्हातारीला खरं सांगितलं नव्हतं, तेव्हा माझ्या सल्ल्याची किंमत तू कर.

सोबत अर्जाचा मसुदा जोडला आहे. जिल्हाधिकारी, नागपूर यांच्या नावे आहे, निवेदन दुसरीकडे गेलं असेल तर तेवढं बदल. मजकूर आणि सहीची जागा एकाच पानावर बसवली आहे, म्हणून अक्षर जरा बारीक आलं. तारीख टाकलेली नाही. शेवटचं 'वाचून दाखविला' हे वाक्य मी लिहिलेलं नाही. फोन कर, सगळा मजकूर मी तुला वाचून दाखवतो, मग तुझ्या हातानं लिही.

आजी विचारते, मोहाची फुलं वाळवली आहेत, पाठवू काय?

तुझा,
आबाजी